जुनं कार्ड, नवं कार्ड

बाबांनी नव्याच्या कानाखाली वाजवली तेव्हा मी वखारीत लॅपटॉपच्या पाळण्याचं झाकण उघडून, स्क्रू दातांत धरून बसले होते. आवाज असा आला की मला वाटलं टेबलावरून काहीतरी पडलं. वळून बघते तर नवा गाल धरून उभा, आणि हसतोय! ह्या माणसाची ती खोडच होती. घाबरला की हसायचा, मार बसला की जास्तच हसायचा. आणि आमच्या बाबांना, आधीच नाकावर राग, त्यात समोरचा हसला की संपलंच.

"हसतोस काय रे? माझं बोट गेलं ते हसण्यासारखं आहे?" बाबांनी त्याला गळ्याला धरून फळ्यांच्या थप्पीवर आदळलं. वरच्या फळ्या घसरल्या आणि एक त्याच्या खांद्यावर बसली. नवा खाली वाकला, ओठ चावला, पुन्हा दात दिसले. बाबांनी गुडघा वर उचलला तशी मी मध्ये पडले. मलाही कोपर लागलं ते लागलंच.

मुकादम कमरेवर हात ठेवून लांबून मजा बघत होता. सोडवायला येईल तर तो मुकादम कसला. "लागली! जुनं कार्ड आणि नवं कार्ड पुन्हा भिडलं," तो मालकांना म्हणाला.

ही वखारीची भाषा. फाटकाशी हजेरीचं यंत्र आहे आणि प्रत्येकाच्या गळ्यात त्याचं कार्ड. तिथे माणसाला माणूस म्हणत नाहीत, कार्डच म्हणतात. "आज दोन कार्डं कमी आहेत." "त्या कार्डाला पाठव ओंडके उतरवायला." एखाद्याला कामावरून हाकललं की "त्याचं कार्ड काढलं." बाबा तिथे सगळ्यांत मुरलेले, म्हणून ते जुनं कार्ड. हा पोरगेला, काटकुळा माणूस मागून आला, म्हणून नवं कार्ड, नाहीतर नुसता नवा. मी हे ऐकतच मोठी झाले.

माझा धंदा लॅपटॉप दुरुस्तीचा, म्हणून बाबांनी मला बोलावून घेतलं होतं. वखारीची मोठी करवत आता लॅपटॉपवर चालते. लॅपटॉप ज्या डॉकमध्ये बसवतात त्याला तिथे सगळे पाळणा म्हणतात, कारण तो आणला तेव्हा मालक म्हणाले होते, ह्यात ठेवलं की बाळ गप्प काम करेल. गप्प कसलं! पाळण्याच्या पोटात दोन खाचा आहेत, प्रत्येकीत एकेक कार्ड बसतं. हो, त्यालाही कार्डच म्हणतात, मी काय करू? वरच्या खाचेतल्या कार्डातून एक जाड तार करवतीला जाते. लॅपटॉप हुकूम सोडतो, कार्ड पोचवतं, करवतीचा गाडा पुढे सरकतो. तार सुटली तर करवत जागच्या जागी थांबते, एवढी अक्कल बनवणाऱ्याला होती. पण लॅपटॉप मध्येच गोठला तर शेवटचा हुकूम तसाच चालू राहतो. शेवटी "पुढे" म्हटलेलं असेल तर करवत पुढेच येते, आणि पुढे फळी आहे की कुणाचा हात, हे ती विचारत नाही.

तशीच ती बाबांच्या डाव्या करंगळीवरून गेली होती. बाबा करवत थांबवायचं लाल बटण दाबायला गेले तर बटण कधीचं मोडलेलं, वर चिकटपट्टी. त्यानंतरही लॅपटॉप गोठतच राहिला, आणि दर वेळी तेव्हाच, जेव्हा नवा कापलेली फळी ओढायला करवतीजवळ यायचा. मग काय, सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. नव्याला बाबांची जागा हवी आहे. नवा येता-जाता काहीतरी खोडी करतो. बाबांची तर खात्रीच झाली.

मी पाळणा आतून बाहेरून तपासला. वरच्या खाचेतलं कार्ड ठीक होतं. सगळीकडे लाकडाचा भुसा बोटभर साचलेला, पण खालची खाच रिकामी आणि पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. तिच्या झाकणाचा स्क्रूही चकचकीत, बाकीचे गंजलेले.

"ह्या खाचेत काही होतं का?" मी मालकांना विचारलं.

"काही नाही, रिकामीच आहे ती," ते म्हणाले, आणि घाम नसताना मान पुसली.

मग करवत चालवून पाहिली. बाबांनी फळ्यांमागून फळ्या कापल्या, नवा सुजलेल्या खांद्यानं त्या ओढत राहिला, लॅपटॉप एकदाही अडकला नाही. मालक हात झटकून म्हणाले, "बघा! म्हणजे यंत्र चांगलं आहे, माणूसच खोटा आहे. ताई आली म्हटल्यावर आज शहाण्यासारखा वागला." हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांच्या कपाळावर फेकून मारावा असं मला फार वाटलं. पण दाखवायला माझ्याकडे काय होतं? एक चकचकीत स्क्रू.

घरी आल्यावर आईनं बाबांच्या बोटाची पट्टी बदलली. बाबा माझ्यावरच खेकसले. "एवढं शिकवलं, आणि तुला एक चोर सापडत नाही!" मी म्हटलं, "चोर सापडायला आधी चोरी कळायला लागते, बाबा." आई म्हणाली, "दोघं एकाच मुशीतले. आधी तोंड, मग डोकं." पट्टी बांधून झाल्यावर बाबांनी हात उजेडात धरून उलटसुलट बघितला. आई आजारी होती तेव्हा ह्याच हातांनी त्यांनी माझ्या वेण्या घातल्या होत्या, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे. दुसरं काही बाबांना येत नाही. वाचायचा कंटाळा, बोलायचं तर भांडण. जे काही आहे ते हातांत. ते गेले तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसेल आणि उठणारच नाही, हे आईला ठाऊक होतं, मलाही.

सकाळी बाबा चहा पिता पिता म्हणाले, "आज तो पुन्हा हसला तर तंगडंच मोडतो. नाहीतरी आता सापडणारच आहे. मालकांनी डोळा लावलाय."

"कसला डोळा?"

"असा एवढासा. करवतीच्या वर, तुळईच्या आड. एरवी झोपलेला असतो, खाली कुणी हललं की लाल लुकलुकतो. चोर पकडायला लावलाय, कुणाला बोलू नकोस म्हणाले. काल तू येणार म्हणून काढून ठेवला होता, उगाच बोभाटा नको."

"कधी लावला?"

"झाला की महिना. हा नवा आला त्याच सुमारास." आणि पायात बूट सरकवून निघूनही गेले.

डोळा म्हणजे कॅमेरा, त्यालाही कार्ड लागणार, आणि ती पुसलेली खाच! मी चहा तसाच ठेवून दुकानात पळाले. तसलाच एक जुना पाळणा भंगारात पडून होता. वरच्या खाचेत एक कार्ड घातलं, खालच्या खाचेत कॅमेऱ्याचं. ह्या जातीच्या पाळण्यात गोम अशी की लॅपटॉपला हाक मारायला दोन्ही खाचांना एकच नंबर दिलेला. एक कार्ड बोलत असेल तोवर सगळं सुरळीत. दोघांनी एकदम हाक मारली की लॅपटॉपला कळत नाही कोण बोलतंय, आणि तो जागीच गोठतो. वरचं कार्ड कामाला लावलं. चाललं. मग कॅमेऱ्यासमोर नुसता हात हलवला.

पडदा थिजला. बाण हलेना, घड्याळ थांबलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा हात हलवला, पुन्हा थिजला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर पकडायला लावलेला डोळाच चोर! तो जागा होणार कधी, तर करवतीजवळ माणूस हलला की. म्हणजे करवत बेभान व्हायची ती नेमकी माणूस पात्याजवळ असतानाच. बाबा एकटे असले की मूर्तीसारखे उभे राहून कापायचे, डोळा झोपलेला. नवा धावत फळी ओढायला आला की डोळा उघडला, लॅपटॉप मेला. आणि आम्ही संन्याशाला सुळावर चढवत होतो. मालकांनी काल मी गेल्यावर ते कार्ड परत बसवलंच असणार, ह्यात शंकाच नव्हती.

बाबांचा फोन कामावर असताना कपाटात असतो. मी वखारीच्या फोनवर लावला. मुकादमानं उचलला. मागे करवत किंचाळत होती.

"मुकादम, ऐका! दोष सापडला! दोन कार्डं एकमेकांत भांडतायत!"

"ते आम्हाला माहीत नाही होय?" तो ओरडला.

"नवं कार्ड काढा! जुनं राहू द्या, नवं काढून टाका, आत्ताच्या आत्ता! नाहीतर बाबांचा हात जाईल!"

"कधीचंच काढायला हवं होतं, ताई. मी मालकांना म्हणतच होतो. जुन्याची काळजी करू नका, त्यांना कोण हात लावतोय! नव्याला बघतो मी."

"लगेच काढा!"

"हे काय, निघालोच." आणि फोन ठेवला.

मी खुर्चीत बसले. जीव भांड्यात पडला होता. गार झालेल्या चहाची आठवण झाली. मालकांना आज काय काय सुनवायचं ते मनात जुळवायला लागले. आणि एकदम ते "त्यांना" कानात वाजलं. त्यांना कोण हात लावतोय. अरे, पाळण्यातल्या कार्डाला "त्यांना" कोण म्हणतं?

देवा! मी माणसाला काढायला सांगितलं होतं.

पुन्हा फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. शटर उघडं टाकून गाडीला किक मारली आणि सुटले. वाटेत कुणाला कट मारला, कोण काय शिव्या देत होतं, काही समजलं नाही. डोक्यात एकच होतं. ते दुसरं कार्ड अजून खाचेत आहे, डोळा वर आहे, आणि आता फळ्या ओढायला माणूस नाही. म्हणजे कापायचं ते बाबा, ओढायचंही बाबा. हलणारे बाबाच.

फाटकात शिरले तर मुकादम आणि ओंडके उतरवणारा दांडगा नव्याला फरफटत आणत होते. शर्ट फाटून एका बाहीवर लोंबत होता. मुकादमानं त्याच्या गळ्यातलं कार्ड हिसकलं, फीत तुटेना म्हणून मानेला पीळ घालून ओढलं, नवा जीभ बाहेर काढून गुडघ्यांवर पडला. दांडग्यानं बरगडीत लाथ घातली. दुसरी घातली. नवा जमिनीवर मुटकुळं करून हसत होता, खोकत होता, तोंडातून लाल थुंकी गळत होती.

"सोडा त्याला!" मी मुकादमाच्या हाताला अक्षरशः चावले. "तो नाही, मूर्खांनो! पाळण्यातलं कार्ड म्हटलं मी! त्या डोळ्याचं कार्ड! माणूस नाही!"

मुकादम हात चोळत बघत राहिला. "तुम्हीच म्हणालात नवं कार्ड..."

"आत करवत चालू आहे का?"

त्यानं उत्तर द्यायची गरज नव्हती, ऐकू येत होती. मी आत धावले. पण माझ्या आधी नवा उठला होता. इतका मार खाऊन तो कसा उठला आणि एक हात पोटावर दाबून माझ्या पुढे कसा निघाला, मला अजून कळत नाही.

बाबा करवतीच्या पलीकडे होते. फळी ओढायला वाकले होते आणि उजव्या हाताचा मोजा फळी आणि ती आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या मध्ये अडकला होता. सोडवायला डावा हात घातला तर तोही पट्टीसकट अडकला. वर डोळा लाल लुकलुकत होता. लॅपटॉपचा पडदा थिजलेला. आणि करवतीचा गाडा संथ, एका लयीत, फळी चिरत त्यांच्या मनगटांकडे येत होता. बाबा ओरडत नव्हते. पाय रोवून, दात आवळून नुसते मागे खेचत होते. भुसा त्यांच्या तोंडावर उडत होता.

"लाल बटण..." मुकादम मागून म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला.

"तार!" मी किंचाळले. "पाळण्याची तार उपट! तार सुटली की थांबेल!"

नव्यानं तार दोन्ही हातांनी धरून झटका दिला. निघेना, मीच काल घट्ट आवळली होती. त्यानं टेबलाला पाय लावला आणि सगळं अंग मागे टाकलं. तार, कार्ड, पाळणा, लॅपटॉप सगळं एकदम उखडून त्याच्या अंगावर आलं आणि तो त्या पसाऱ्यासकट उताणा पडला. करवत कण्हत कण्हत थांबली. पात्याचा दात बाबांच्या मोज्यात रुतला होता. मोजा फाटला, पट्टी सुटली, बाबा मागे कोसळले. हात बाहेर आले, दोन्ही, बोटं तेवढीच जेवढी सकाळी होती.

मी तिथेच खाली बसले. रडू आलं, हसू आलं, नाकातून पाणी आलं. त्या बसण्यात जेवढा वेळ गेला तेवढा जायला नको होता.

बाबा उठले. त्यांना माझा आवाज ऐकू आला नव्हता. करवतीशेजारी तासन् तास उभ्या राहणाऱ्याला तसंही काय ऐकू येतं? त्यांना दिसलं ते एवढंच. थोबाड सुजलेला नवा, मिठीत तुटलेला पाळणा, मुठीत उपटलेली तार. आणि नवा त्यांच्याकडे बघून, वाचलात एकदाचे म्हणून, हसला.

टेबलावर मोठा पाना होता. बाबांनी तो उचलला आणि सरळ त्याच्या तोंडावर हाणला. कचकन आवाज झाला. नव्यानं पाळणा वर धरला, पाळण्याचे तुकडे झाले, त्या तुकड्यांतून दुसरा घाव त्याच्या हातावर बसला. "हरामखोर! हात घेणार होतास माझे? हात?" तिसरा घाव बसायच्या आधी मी बाबांच्या पाठीवर चढले, गळ्यात हात टाकले, केस ओढले, आम्ही दोघं भुशात पडलो. पाना दूर गेला. मी त्यांच्या छातीवर बसून ओरडत होते आणि काय ओरडतेय ते माझं मला कळत नव्हतं.

बाबांचा चेहरा मात्र उजळला होता. मला बघून त्यांना आनंदच झाला. धापा टाकत त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले, बोटं पसरून.

"बघ. दोन्ही शाबूत. आणि पकडला की नाही रंगेहाथ? तुला नाही सापडला, मला सापडला."

"त्यानंच शाबूत ठेवले, बाबा," मी म्हटलं.

"काय?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. डोळ्याचं, खाचेचं, नंबराचं, फोनचं. तार उपट म्हणून मीच ओरडले, हेही. बाबा माझ्याकडे बघत होते, मग तुळईवरच्या डोळ्याकडे, मग भुशात पडलेल्या पान्याकडे. मुकादम दारातच थांबला होता, त्याच्या हातात नव्याच्या कार्डाची फीत लोंबत होती. मालक कुठे दिसत नव्हते. दांडगा फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होता आणि सारखा चुकत होता.

बाबा गुडघ्यांवर नव्यापर्यंत गेले. तो कुशीवर पडला होता, श्वास घुरघुरत होता, जबडा एका बाजूला सरकला होता. बाबांनी अंगातला सदरा काढून त्याची घडी केली. जखमेवर धरायला ते वाकले आणि दोन्ही हात पुढे केले, अगदी हळू, लहान मुलाला उचलतात तसे.

नव्यानं ते हात येताना बघितले. त्यानं आपला मोडलेला हात कसाबसा उचलून तोंडापुढे आडवा धरला, डोळे घट्ट मिटले, आणि त्या तसल्या तोंडानं हसायचा प्रयत्न करू लागला.